इंटर सायन्स चाललं, मग कम्युनिटी कॉलेज का नाही?

एप्रिल जवळ आला की कॅलिफोर्नियात बे एरियातल्या मराठी घरांत दोनच विषय चालतात, टॅक्स रिटर्न भरलं का आणि कोणाच्या पोराला कुठे मिळालं. यंदा पाडव्याच्या कार्यक्रमात मी पुरीच्या लाइनीत उभी होते आणि माझ्या पुढे दोन काकांचं जुंपलं होतं. एकाचं म्हणणं, अमक्याचा मुलगा डी अँझाला जाणार म्हणे, म्हणजे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे संपलंच की, एवढे क्लास लावून काय उपयोग झाला. दुसऱ्यांनी लगेच आवाज खाली आणून, शेअरची टिप देतायत असं, सांगितलं की अहो उलट तेच हुशार निघाले, दोन वर्षं जवळजवळ फुकटात काढायची आणि मग मागच्या दाराने थेट बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलात, डिग्रीच्या कागदावर कुठे लिहिलेलं असतं सुरुवात कुठून केली ते. त्या मुलाची आई दोन माणसं सोडून मागे उभी होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही. श्रीखंड न घेताच गेली.

घरी येताना गाडीत मी नवऱ्याशी भांडत होते, म्हणजे भांडण त्या दोन काकांशीच होतं पण हाताशी नवरा होता. माझं म्हणणं असं की दोघंही चूक आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांनाही वाटतं की खरं दार एकच, सतराव्या वर्षी उघडणारं, आणि बाकी सगळं म्हणजे कुंपणावरून मारलेली उडी. एकाला त्या उडीची लाज वाटते, दुसऱ्याला कौतुक. पण कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत जाणं ही उडी मुळात नाहीच, राज्याने कायदा करून बांधलेला तो रस्ता आहे, साठ वर्षांहून जुना. भांडायचंच असेल तर यावर भांडा की हा रस्ता युनिव्हर्सिटीच्या गेटपर्यंत बऱ्यापैकी रुंद आहे आणि बिझनेससारख्या गर्दीच्या मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, दारात त्याचा एकदम बोळ होतो. त्या बोळाबद्दल पुरीच्या लाइनीत कोणी चकार शब्द काढत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, एंट्रन्स नाही, कटऑफ नाही, हायस्कूल झालेला कोणीही आत. कॅलिफोर्नियात अशी 116 आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, 46 डॉलर फी, आणि ही फी 2012 पासून तीच आहे, जे कॅलिफोर्नियात दुसऱ्या कुठल्याच वस्तूबद्दल म्हणता येणार नाही. ट्रान्सफरला, म्हणजे तिथून युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला जायला, सेमिस्टरची 60 युनिटं लागतात, करा गुणाकार, 2760 डॉलर झाले, दोन वर्षांचे मिळून. पुस्तकं, पार्किंग, गाडीचं पेट्रोल वेगळं. तिकडे यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (बर्कली त्यातलीच), कॅम्पसवर राहून शिकायचं तर फी, खोली, जेवण सगळं धरून वर्षाला 40,000 डॉलरच्या वर जातं. 1984 पर्यंत तर या कॉलेजांना फीच नव्हती, अक्षरशः फुकट. तर इथे कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, इंग्लिश असे पहिल्या दोन वर्षांचे विषय करायचे आणि तिसऱ्या वर्षाला यूसी नाहीतर सीएसयूत, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, जायचं, पुढची दोन वर्षं तिथे, डिग्री तिथली. झालं. यात चोरून करण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं आलं कुठून तेही बघा. 1960 च्या सुमाराला महायुद्धानंतर जन्मलेली पोरं कॉलेजच्या वयाला टेकत होती आणि राज्याला घोर लागला होता की एवढ्यांना बसवायचं कुठे. तेव्हा क्लार्क कर यूसीचे प्रेसिडेंट होते, त्यांच्या पुढाकाराने मास्टर प्लॅन झाला आणि गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्या सहीने त्याचा कायदा झाला. हिशेब असा की हायस्कूलमधले वरचे साडेबारा टक्के यूसीला पात्र, वरचे एकतृतीयांश स्टेट कॉलेजांना, म्हणजे आजच्या सीएसयूला, आणि ज्युनियर कॉलेजं सगळ्यांना खुली. आता एवढंच असतं तर ती सरळसरळ चातुर्वर्ण्यव्यवस्था झाली असती, अठराव्या वर्षी शिक्का मारला की मारला. पण त्यात एक कलम होतं ज्यामुळे माझा या प्लॅनवर जीव आहे. यूसीने खालच्या दोन वर्षांत चाळीस टक्के विद्यार्थी ठेवायचे आणि वरच्या दोन वर्षांत साठ टक्के, म्हणजे तिसऱ्या वर्षी बाहेरून येणाऱ्यांसाठी खुर्च्या मुद्दाम रिकाम्या राहिल्या पाहिजेत. यातूनच दोन फ्रेशमनमागे, म्हणजे थेट पहिल्या वर्षाला आलेल्यांमागे, एक ट्रान्सफर हे प्रमाण आलं, जे यूसी आजही आपलं उद्दिष्ट म्हणून सांगते. घर बांधतानाच नकाशात जे दार काढलं, ज्याच्यासाठी भिंत मोकळी सोडली, त्याला मागचं दार म्हणायचं?

आणि आपल्याला तरी हे परकं का वाटावं? 1970 च्या दशकात 10+2+3 आलं, त्याआधी महाराष्ट्रात अकरावीला मॅट्रिक व्हायची, मग कॉलेजात पहिलं वर्ष, मग इंटर, आणि इंटर सायन्सच्या मार्कांवर इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल. आमच्या आजोबांच्या पिढीत सांगलीच्या विलिंग्डनला किंवा कोल्हापूरच्या राजारामला इंटर करून मग पुण्याला इंजिनिअरिंगला जाणारी पोरं घरोघरी होती. दोन वर्षं घरी राहायचं, आईच्या हातचं खायचं, सायकल हाणत कॉलेजला जायचं, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स घासायचं आणि मग मोठ्या गावाला, मोठ्या कॉलेजात, ट्रंक घेऊन. कोणी म्हटलं त्यांना की हा मागच्या दाराने आला? उलट इंटरला फर्स्ट क्लास म्हणजे गल्लीत पेढे. आणि मॅट्रिकला जेमतेम पास झालेला एखादा इंटरला असा काही चमकायचा की मास्तरांनाच कोडं पडायचं, म्हणजे सोळाव्या वर्षाचा निकाल हा शेवटचा निकाल नसायचा. नंतर आपण बारावी, सीईटी, जेईई असं सगळं एका उन्हाळ्यात कोंबलं, एका दिवसावर आयुष्य टांगलं, आणि तीच टांगलेली मनं बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी पॅक करून इकडे आणली. आता इथल्या राज्याने दिलेली दुसरी संधी दिसली की आपल्याला ती एकतर नाचक्की वाटते नाहीतर लबाडी.

मागचं दार बघायची फारच हौस असेल तर 2019 सालचं ते व्हर्सिटी ब्लूज प्रकरण आठवा. रिक सिंगर नावाचा अॅडमिशनवाला सल्लागार श्रीमंत आईबापांना स्वतःच समजावून सांगायचा की पुढचं दार म्हणजे पोराच्या स्वतःच्या बळावर, मागचं दार म्हणजे युनिव्हर्सिटीला घसघशीत देणगी, आणि मी उघडून देतो ते बाजूचं दार. जी पोरं कुठला खेळ खेळलीच नाहीत त्यांना खेळाडू दाखवून, कोचला पैसे चारून, परीक्षेचे पेपर दुसऱ्याकडून सुधारून घेऊन आत सोडलं. त्याला 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. आणि देणगीदारांच्या नि माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना खासगी कॉलेजं जे झुकतं माप द्यायची, ते बंद करायला कॅलिफोर्नियाला 2024 मध्ये कायदा करावा लागला. हे झाले दारांचे प्रकार. यात सकाळी सात वाजता पार्किंग शोधत फिरणारं, दुपारी टार्गेट स्टोअरमध्ये शिफ्ट करून रात्री मॅक्रोइकॉनॉमिक्सचा पेपर लिहिणारं पोरगं नेमकं कुठल्या दारातून आलं म्हणायचं?

आता पहिल्या काकांच्या बाजूने जे सगळ्यात जड आहे ते मी स्वतःच मांडते, कारण त्यांनी ते मांडलंच नाही, ते आपले क्लासच्या फीवर अडकले होते. कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने 2024 मध्ये अहवाल दिला. 2017 ते 2019 या काळात कम्युनिटी कॉलेजात आलेले आणि आपल्याला ट्रान्सफर व्हायचंय असं ठरवून आलेले जे विद्यार्थी, त्यातला साधारण पाचातला एकच चार वर्षांत खरोखर ट्रान्सफर झाला. पाचातला एक. हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण तेव्हा माझी भाची नुकतीच अशाच एका कॉलेजात लागली होती. आणि ही शंका आजची नाही. बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात आपल्या इथल्याच सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास केला आणि 1960 मध्ये, म्हणजे मास्टर प्लॅनच्याच वर्षी, लिहिलं की ही कॉलेजं पोरांना वर चढवतात तशी अलगद थंडही करतात. थंड करणं हा शब्द त्याने गॉफमन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाकडून घेतला होता आणि गॉफमनने तो ठकसेनांच्या धंद्यातून उचलला होता, फसवलेल्या गिऱ्हाइकाने आरडाओरड करू नये म्हणून त्याची समजूत काढायला मागे एक माणूस ठेवतात ना, तसं. तुला इंजिनिअर व्हायचंय, बरं बरं, पण हा दोन वर्षांचा टेक्निशियनचा कोर्स बघितलास का? असं हळूहळू, काउन्सेलरच्या खोलीत, कोणी नाही न म्हणता. म्हणजे एकीकडे राज्य दार बांधत होतं आणि त्याच वर्षी एक जण सांगत होता की दारात गार वारा सुटलाय.

एवढं मान्य करून मी विचारते, यातून पहिल्या काकांचं म्हणणं सिद्ध होतं का? पाचातला एक हा आकडा कोणाचा आहे? त्यात दोन नोकऱ्या करणारे आहेत, पदरात मूल असलेल्या आया आहेत, एका सेमिस्टरला एकच विषय घेणारे आहेत, ज्यांच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नाही असे आहेत. क्युपर्टिनोत आईबापाच्या घरात स्वतःच्या खोलीत राहणाऱ्या, गाडी दिलेल्या, फुलटाइम शिकणाऱ्या पोराला तो आकडा जसाच्या तसा लावणं म्हणजे मुंबईच्या सगळ्या लोकलच्या गर्दीची सरासरी काढून फर्स्ट क्लासमधल्याला घाम किती येईल ते सांगण्यासारखं आहे. आणि ज्यांना तो आकडा खरंच लागू पडतो त्यांना दुसरा रस्ता आहे कुठे? रस्त्यात खड्डे आहेत म्हणून महापालिकेच्या नावाने ओरडायचं असतं, रस्त्यावरून चालणाऱ्याला हिणवायचं नसतं. शिवाय जे पोचतात त्यांचं काय होतं तेही बघा ना, यूसीत ट्रान्सफर होऊन आलेल्यांचं डिग्री पूर्ण करण्याचं प्रमाण फ्रेशमन म्हणून आलेल्यांच्या तोडीस तोड आहे. सुरुवातीला दम लागतो, नाही असं नाही. महाराष्ट्रात डिप्लोमा करून थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला आलेल्यांना विचारा, एम-थ्री म्हटलं की अजून अंगावर काटा येतो त्यांच्या, बारावीवाल्यांनी फर्स्ट इयरला दोन मॅथ्स करून घेतलेली असतात आणि हे आपले थेट खोल पाण्यात. पण वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगला कोण कोणाला विचारायचं? तसंच आहे हे.

पण खरं सांगू का, मला जास्त राग दुसऱ्या काकांचा आला. पहिले निदान उघड हिणवत होते. दुसरे आशा विकत होते. हल्ली हे फार बोकाळलंय, कम्युनिटी कॉलेज म्हणजे युक्ती, चार पॉइंट ओ, म्हणजे सगळ्या विषयांत ए, काढायचा, एक दोन क्लब काढायचे, चार निबंध लिहायचे की हास खिशात. आकडे बघा. बर्कलीला एकूण ट्रान्सफरचे जे अर्ज येतात त्यात साधारण चारातल्या एकाला प्रवेश मिळतो, फ्रेशमनपेक्षा दुपटीने चांगली परिस्थिती, इथपर्यंत काका बरोबर. पण त्याच बर्कलीच्या हासमध्ये ट्रान्सफरचं प्रमाण शंभरात दहाच्याही आत येतं. आणि ते नाकारलेले नव्वद काही ढ नसतात हो, बहुतेकांचे मार्क उत्तमच असतात, सगळ्यांनीच चार पॉइंट ओ च्या आसपास काढलेला असतो, म्हणून तर पोरं हवालदिल होतात की अजून करायचं काय होतं. यूसीच्या बॅचलर डिग्री देणाऱ्या नऊ कॅम्पसपैकी सहा जण ट्रान्सफरची लेखी हमी देतात, टॅग म्हणतात त्याला, अटी पूर्ण करा आणि जागा घ्या. हमी न देणारे तीन कोण? बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो. आणि हमी देणाऱ्या सहांतही काही मेजर वगळलेले असतात. तिकडे यूसीएलएमध्ये, म्हणजे याच लॉस एंजेलिसला, तर बॅचलरला बिझनेस असा मेजरच नाही, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे, अँडरसन ही तिथली बिझनेस स्कूल मुख्यतः एमबीएवाल्यांची, हे आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि तेच लोक सल्ले देतात.

शिवाय लोक दोन वर्षं दोन वर्षं म्हणतात, ती दोन वर्षं नसतातच. पोरगं ऑगस्ट-सप्टेंबरला कॉलेज सुरू करतं, आणि यूसीचा अर्ज भरायचा असतो पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे अर्ज भरताना हातात मार्क कसले, तर पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचे. दुसऱ्या वर्षात काय विषय करणार ते नुसतं लिहायचं, जानेवारीत एकदा अपडेट करायचं. ज्या पोराला पहिलं वर्ष संपताना कळलं की आपल्याला बायोलॉजी नको, बिझनेस हवं, त्याची गाडी तिथेच चुकलेली असते, कारण कॅल्क्युलसची साखळी असते, एक झाल्याशिवाय दुसरं घेता येत नाही. मग ज्या रस्त्याची सगळी थोरवी अशी की इथे उशिरा उमलणाऱ्यालाही जागा आहे, तो बिझनेसपुरता उशिरा उमलणाऱ्याला जागा देतो का? पहिल्या महिन्यात सगळं ठरवून आलेल्यालाच देतो. ही मला या सगळ्यातली सगळ्यात मोठी थट्टा वाटते.

भाचीचं उदाहरण सांगते. तिच्या कॉलेजातल्या काउन्सेलरने, दहा मिनिटांच्या भेटीत, तिला बिझनेसवाल्यांसाठी असतं ते हलकं कॅल्क्युलस घ्यायला सांगितलं. घेतलं, ए मिळाला, आम्ही खूश. मग ऑगस्टमध्ये असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट असते, कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीला चालतो ते तिथे कळतं, ती आम्ही दोघी रात्री अकरा वाजता घेऊन बसलो तर कळलं की तो कोर्स एका कॅम्पसला चालतो आणि तिच्या यादीतल्या दुसऱ्या दोघांना चालत नाही, त्यांना इंजिनिअरिंगवाल्यांचं लांबलचक कॅल्क्युलस हवंय. एकीकडे अकाउंटिंग लागतं, दुसरीकडे नाही. आणि हे सगळे एकाच यूसीचे कॅम्पस, एकाच बोर्डाखालचे! रडली बिचारी. मावशी, मी विचारलं होतं गं त्यांना, एवढंच म्हणत होती. मी त्या काउन्सेलरला दोष देत नाही, त्या खोलीबाहेर विद्यार्थ्यांची रांग केवढी असते ते मी पाहिलंय. पण ज्या घरात रात्री अकराला शेजारी बसायला मावशी नाही तिथे काय होत असेल? पाचातले चार कुठे गळतात याचं उत्तर काही अंशी अशा रात्रींमध्ये आहे, आणि त्याचा हुशारीशी काडीचा संबंध नाही.

आता एक आक्षेप असा आहे की ज्याला मला पूर्ण उत्तर देता येत नाही, तेही सांगून टाकते. बिझनेसमध्ये डिग्रीइतकीच ओळखपाळख चालते, आणि ट्रान्सफरवाला दोन वर्षं उशिरा पोचतो. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये तर तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप असते तिच्या मुलाखती बँका दुसऱ्या वर्षातच उरकून मोकळ्या होतात, म्हणजे ट्रान्सफरवाला तिसऱ्या वर्षी कॅम्पसवर बॅग टेकवतो तेव्हा पंगत उठलेली असते. हे खरं आहे आणि यावर गोड बोलून उपयोग नाही. एवढंच म्हणेन की बिझनेस म्हणजे वॉल स्ट्रीट नव्हे, अकाउंटिंग आहे, सप्लाय चेन आहे, मार्केटिंग आहे, तिथे एवढी घाई नसते, आणि ज्या पोराचं स्वप्न फक्त बँकिंगचंच आहे त्याने हा रस्ता घेताना डोळे उघडे ठेवावेत. पण यातही एक गंमत झाली आहे. आधी हासमध्ये बर्कलीची स्वतःची पोरंसुद्धा पहिली दोन वर्षं बर्कलीतच दुसऱ्या विभागात काढून मग अर्ज करायची, म्हणजे सगळेच तिसऱ्या वर्षी एकत्र आत यायचे, बर्कलीवालाही नवीन आणि डी अँझावालाही नवीन. 2024 पासून तो कोर्स चार वर्षांचा झाला, त्यासाठी स्पीकर दांपत्याने 30 मिलियन डॉलर दिले आणि त्यांचं नाव कोर्सला लागलं. फ्रेशमन पोरांच्या दृष्टीने चांगलंच झालं, दोन वर्षांचा जीवघेणा ताण गेला. पण ट्रान्सफरवाला आता पंगत बसल्यावर आलेला पाहुणा झाला, बाकीच्यांची दोन वर्षांची दोस्ती, ग्रुप, सीनियर सगळं आधीच जमलेलं. यावर चर्चा ऐकली का तुम्ही आपल्याकडे कुठे? मी नाही ऐकली.

आणि ते एक रडगाणं असतं ना, की आमच्या मुलीने दहा एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे कोर्स, केले, रात्र रात्र जागली, आणि हा सोप्या कॉलेजात ए मिळवून तिच्याच वर्गात येऊन बसला, हा कुठला न्याय. मला या आईचं दुःख कळतं, चेष्टा करत नाही. पण बाई, त्याच्या हायस्कूलमध्ये दहा एपी होते का? आणि तुमच्या मुलीची जागा त्याने घेतलीच नाहीये, ती खुर्ची मुळात रिकामी ठेवलेली होती तिसऱ्या वर्षासाठी, 1960 पासून. कम्युनिटी कॉलेजचा ए सोपा असतो हेही सरसकट नाही, काही प्रोफेसर असे असतात की पोरं त्यांचं नाव बघून कोर्स सोडतात. बरं, समजा सोपा असला, तरी त्याची शर्यत तुमच्या मुलीशी नव्हती, तसेच ए घेऊन उभ्या असलेल्या बाकीच्या ट्रान्सफरवाल्यांशी होती आणि त्यातले दहातले नऊ परत गेले.

म्हणून माझी मागणी पोरांकडे नाहीच, युनिव्हर्सिटीकडे आहे. दोनास एक हे प्रमाण आख्ख्या युनिव्हर्सिटीचं मोजलं की सगळं छान दिसतं, कारण ज्या मेजरना गर्दी नाही तिथे ट्रान्सफर भरून सरासरी सांभाळता येते. ते मेजरवार मोजा आणि मेजरवार छापा. ज्या बिझनेस प्रोग्रामला सरकारी युनिव्हर्सिटीचं नाव वापरायचंय त्याने तिसऱ्या वर्षीच्या किती खुर्च्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी ठेवल्या ते दरवर्षी सांगावं. उत्तर येईल की जागाच कमी आहेत, प्रोफेसर महाग आहेत, आणि ते खोटं नाही. पण देणगी आणून कोर्स दोनाचा चार वर्षांचा करता येतो तर थोडी देणगी तिसऱ्या वर्षी वीस खुर्च्या वाढवायला का आणता येत नाही? दुसरं म्हणजे बिझनेसला लागणारे आधीचे विषय सगळ्या कॅम्पसनी एकच ठरवावेत. हे अशक्य म्हणू नका, सामान्य विषयांच्या बाबतीत ते केलंच ना, 2025 च्या फॉलपासून यूसी आणि सीएसयू दोघांना चालणारी एकच यादी आली, कॅल-गेट-सी. सीएसयूसाठी तर 2010 च्या कायद्यातून ट्रान्सफरची खास असोसिएट डिग्री निघाली, ती घेतली की सीएसयूत जागा नक्की, कॅम्पस नक्की हवा तोच मिळेल असं नाही, पण जागा नक्की. इतिहासाच्या नि जिऑग्राफीच्या कोर्सवर एकमत होतं आणि कॅल्क्युलसवर होत नाही, हे काय आहे? कॅल्क्युलस काय बर्कलीत वेगळं आणि सॅन डिएगोत वेगळं असतं? न्यूटनला विचारा जरा.

आईबापांनी करण्यासारखं मात्र एक आहे आणि ते फुकट आहे, हास एके हास हा पाढा बंद करा. भाचीने पाच ठिकाणी अर्ज केलेत, त्यात सॅन होजे स्टेटही आहे, आणि ते नाव घेतलं की नातेवाइकांचा चेहरा जो पडतो तो बघून मला हसू येतं, कारण आपल्या आजूबाजूच्या कंपन्यांच्या फायनान्समध्ये तिथून निघालेली किती माणसं बसली आहेत ते याच नातेवाइकांना रोज ऑफिसात दिसतं. तिचे निकाल अजून यायचेत. फोनवर विचारायचं नाही असं तिच्या आईने मला बजावलंय, म्हणून मी रोज नुसता गुड मॉर्निंगचा मेसेज टाकते.

श्रीखंड न घेता गेलेल्या त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. मला वाटलं होतं लोक काय म्हणतात त्याबद्दल बोलेल, सांत्वन करावं लागेल. तिने ते काढलंच नाही. म्हणाली, ताई, मला एकच सांगा, कॅल्क्युलसचे दोन प्रकार दिसतायत, त्यातलं कुठलं घेऊ दे त्याला? म्हटलं, अजून बिझनेस नक्की नसेल तर लांबलचक वालं घेऊ दे, आणि आधी त्याच्या यादीतले सगळे कॅम्पस असिस्टवर बघ, काउन्सेलरकडे जाताना प्रिंट घेऊन जा. आणि रजिस्ट्रेशनची तारीख मिळाली का त्याची? नाही म्हणाली. मग ती आधी बघ, म्हटलं, सकाळचे वर्ग पहिल्याच दिवशी भरतात.